क्षेत्राचं श्रेय

प्लाझ्मा पेटला की तापून लालसर झालेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर जांभळट उजेड पसरल्यासारखा दिसतो. खिडकीच्या काचेला डोळा लावून नीट पाहिलं की कळतं, तो उजेड तुकड्याला टेकलेलाच नाही. दोघांच्या मध्ये काळोखाची एक पट्टी आहे. मिलिमीटरभर जाडीची, कधी त्याहून थोडी जास्त. नवीन आलेल्या विद्यार्थ्याला मी आधी ही पट्टी दाखवते. उजेडाकडे सगळ्यांचंच लक्ष जातं, पण आमचं काम चालतं ते या काळोखात.

प्लाझ्मा म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी आणि आयनांनी भरलेला वायू, विजेचा चांगला वाहक. वाहकाच्या पोटात विद्युतक्षेत्र फारसं टिकत नाही. त्यामुळे खालच्या तबकडीला उणे 600 व्होल्ट दिले की ते जवळजवळ सगळे त्या काळ्या पट्टीतच उतरतात. तिथून इलेक्ट्रॉन हाकलले जातात, अणूंना धडकून उजेड पाडायला कोणी उरत नाही, म्हणून ती काळी. मिलिमीटरभर जागेत 600 व्होल्ट म्हणजे मीटरमागे 6 लाख व्होल्ट. कोरडी हवा फुटून ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे 30 लाख लागतात, यावरून अंदाज यावा. एवढ्या क्षेत्रात, 700 अंश सेल्सिअसच्या आसपास, अॅसिटिलीन आणि अमोनियाच्या मिश्रणात निकेलच्या बारीक उत्प्रेरक कणांखालून कार्बनच्या नळ्या वर येतात. सगळ्या एका दिशेने, तबकडीला काटकोनात, सरळ.

त्या सरळ का असतात, या प्रश्नाभोवती माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. उत्तर वरवर सोपं आहे: क्षेत्र त्यांना उभं करतं. पण या वाक्यात क्षेत्राला जेवढं श्रेय दिलं आहे तेवढं त्याचं खरोखर आहे का, हे तपासायला लागल्यावर ते वाक्य कसं ढिलं पडत जातं, आणि शेवटी त्यातलं नेमकं काय उरतं, ते मला सांगायचं आहे.

माझी या विषयाशी ओळख पुण्यात झाली. तेव्हा पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालेलं नव्हतं. भौतिकशास्त्र विभागात एका बाजूला डॉ. सुधा भोरसकरांचा प्लाझ्माचा गट होता, दुसऱ्या बाजूला डॉ. दिलीप जोग आणि डॉ. महेंद्र मोरे यांचं क्षेत्र-उत्सर्जनाचं काम. अणकुचीदार टोकावर मोठं विद्युतक्षेत्र दिलं की थंड धातूतूनही इलेक्ट्रॉन बाहेर निसटतात, त्याचा तो अभ्यास. आम्हा विद्यार्थ्यांना तेव्हा हे दोन वेगळे विषय वाटायचे. एकीकडे क्षेत्रात नळी वाढते, दुसरीकडे वाढलेली नळी क्षेत्रात इलेक्ट्रॉन सोडते. दोन्हीकडे टोकाशी क्षेत्र एकवटतं ही एकच गोष्ट काम करते, हे फार पुढे माझ्या अंगात मुरलं.

तिथे आम्ही कार्बनचा आर्क पाहिला. दोन ग्रॅफाइटच्या कांड्या, निष्क्रिय वायू, मोठा विद्युतप्रवाह, डोळे दिपवणारा उजेड. धनाग्र झिजत जातं आणि ऋणाग्रावर करडा, टणक साका चढतो. जपानच्या सुमिओ इजिमांनी 1991 साली अशाच साक्यात सुईसारख्या कार्बनच्या नळ्या पाहिल्या आणि या सगळ्या विषयाला तोंड फुटलं. नळ्या ऋणाग्रावर मिळाल्या म्हटल्यावर क्षेत्राचं नाव पुढे येणं साहजिकच होतं. रिचर्ड स्मॉली यांनी सुचवलं की आर्कमध्ये नळीच्या टोकाशी एकवटणारं प्रचंड क्षेत्र ते टोक उघडं ठेवतं. टोक मिटलं तर वाढ थांबते, क्षेत्र ते मिटू देत नाही, म्हणून नळी लांबते. कल्पना इतकी देखणी होती की ती खरी असावी असं सगळ्यांना वाटलं. पुढे 1994-95 मध्ये झालेल्या गणनांनी ती टिकू दिली नाही. आर्कमध्ये शक्य असलेल्या क्षेत्राने उघड्या टोकाची ऊर्जा कमी होते खरी, पण टोक मिटण्यापासून थोपवण्याइतकी नाही. त्या गणना करणाऱ्यांत स्मॉलींचं स्वतःचंही नाव होतं. आपल्याच कल्पनेची अशी झाडाझडती घेणाऱ्या माणसाबद्दल मला तेव्हापासून फार आदर वाटत आला आहे.

याचा अर्थ आर्कमध्ये क्षेत्राला काही कामच नाही असा नव्हे. पुणे विद्यापीठ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी मिळून आर्कमधलं क्षेत्र एकवटून नळ्यांचा दर्जा आणि उत्पन्न सुधारण्याचं काम केलं, ते 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. मला त्यातली गंमत अशी वाटते की तिथे क्षेत्र थेट नळीला हात लावत नाही. ते आधी प्लाझ्माला वळण लावतं, आणि तो प्लाझ्मा कार्बन कुठे, किती आणि किती वेळ पोहोचवायचा ते ठरवतो. क्षेत्राचा प्रभाव आहे, पण तो मधल्या माणसाकरवी. पुढे दिल्लीत आल्यावर माझ्यापुढे हीच गुंतागुंत वेगळ्या रूपात उभी राहिली.

दिल्लीला कार्बनची जुनी परंपरा आहे हे पुण्याहून निघताना मला ठाऊक नव्हतं. पुसा भागात राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे, तिच्यासमोरच्या रस्त्याला के. एस. कृष्णन यांचं नाव दिलेलं आहे. ते या प्रयोगशाळेचे पहिले संचालक. रामन यांच्याबरोबरच्या कामामुळे त्यांना सगळे ओळखतात, पण 1930 च्या दशकात त्यांनी ग्रॅफाइटवर केलेलं काम मला जास्त जवळचं आहे. ग्रॅफाइटचा स्फटिक चुंबकीय क्षेत्रात दिशेनुसार अगदी वेगळा वागतो, आणि वीजही थरांच्या अंगाने वाहते तेवढी थरांना भेदून वाहत नाही, हे त्यांनी आणि एन. गांगुली यांनी मोजून दाखवलं. नळी म्हणजे तोच थर गुंडाळलेला. तिच्या लांबीच्या दिशेने इलेक्ट्रॉन सहज सरकतात, आडवे सरकायला जागाच नाही. म्हणून विद्युतक्षेत्रात ठेवलेल्या नळीच्या दोन टोकांना विरुद्ध प्रभार साठतात आणि क्षेत्र तिला आपल्या दिशेला वळवू पाहतं. नळ्यांचा शोध लागण्याच्या अर्ध्या शतकाआधी या वर्तनाचं मूळ कृष्णन यांनी हाती धरलं होतं. त्या रस्त्यावरून जाताना मला दर वेळी हे आठवतं आणि बरं वाटतं.

आमच्या संस्थेत प्लाझ्माची यंत्रणा उभी करण्यात पहिला बराच काळ गेला. त्या काळातलं सांगण्यासारखं एकच. अॅसिटिलीन जास्त झालं की काजळी धरते, आणि ती फक्त नमुन्यावर धरत नाही, तबकडीच्या आधाराला असलेल्या सिरॅमिकच्या कड्यांवरही धरते. काजळी वाहक असते. कड्याचा रोधकपणा संपतो आणि ऐन वाढीच्या वेळी कडाडकन आर्क पडतो. व्होल्टेज कोसळतं, काळी पट्टी विस्कटते, नमुना गेला. अमोनिया यासाठीच लागतो. त्यातून सुटणारा हायड्रोजन नको असलेला कार्बन खरवडून काढतो. दोन्ही वायूंचं प्रमाण साधणं हे पुस्तकातून येत नाही. आमचे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, ते पंपाच्या आवाजावरून आणि उजेडाच्या रंगावरून सांगत, "मॅडम, आज कालिख बैठेगी, गॅस थोड़ा कम कीजिए." बहुतेक वेळा त्यांचं खरं ठरायचं. पुढे मी वर्णपट मोजायचं उपकरण खिडकीवर बसवलं, तेव्हा ते डोळ्यांनी जे ओळखत होते तेच पडद्यावर उमटलेलं दिसलं.

नमुने चांगले येऊ लागले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सरळ उभ्या नळ्यांची रानं दिसत. चित्रं इतकी सुंदर की ती दाखवल्यावर कोणी फारसं काही विचारत नसे.

विचारलं ते कस्तुरबा गांधी मार्गावर. जुना कर्झन रोड. कॅनॉट प्लेसहून निघून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा हा रस्ता दिल्लीकरांना दुतर्फा उंच कचेऱ्यांमुळे माहीत असतो. माझ्यासाठी तो मॅक्स म्युलर भवनाचा रस्ता होता. एका जर्मन प्रयोगशाळेत काही महिने काम करायचं ठरल्यावर संध्याकाळी मी तिथे भाषेच्या वर्गाला जात असे. चार्ल्स कोरियांनी बांधलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत याच रस्त्यावर आहे, आणि तिच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिननी पांढऱ्या संगमरवरात आणि काळ्या कडप्प्यात रेखलेलं मोठं झाड. 2013 मध्ये नवं महाराष्ट्र सदनही याच रस्त्यावर आलं.

तर या रस्त्यावरच्या एका बहुमजली इमारतीतल्या सभागृहात प्रकल्पांचा आढावा होता. मी चित्रं दाखवली, "विद्युतक्षेत्रामुळे नळ्या उभ्या वाढतात" असं म्हटलं आणि पुढच्या चित्राकडे वळणार, तोच पहिल्या रांगेतले एक वयस्कर तज्ज्ञ म्हणाले, "क्षेत्रामुळे की आयनांमुळे? की नुसत्या गर्दीमुळे?" आवाजात खोच नव्हती. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी जे उत्तर दिलं ते तेव्हाच्या पाठ्यपुस्तकातलं होतं, आणि ते त्यांना पुरलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मलाही ते पुरलं नाही. सभागृहातून बाहेर पडून मी बाराखंबा रोडच्या मेट्रोकडे चालत निघाले तेव्हा त्या तीन शक्यता डोक्यात वेगवेगळ्या झाल्या होत्या. त्याआधी त्या माझ्या डोक्यात एकच होत्या.

गर्दीची शक्यता आधी घेते, कारण ती निकालात काढायला सोपी आहे आणि तरी तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. विद्युतक्षेत्र अजिबात नसतानाही नळ्या उभ्या वाढतात. नुसत्या तापवलेल्या भट्टीत, प्लाझ्माशिवाय, टोल्युइन आणि फेरोसीन वापरून उभ्या नळ्यांचे थर तयार होतात, आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अशा पद्धतीने नळ्या वाढवण्याचं मोठं काम झालं आहे. तिथे उभं राहण्याचं कारण दाटी. दाट पेरलेल्या ज्वारीच्या ताटासारखी प्रत्येक नळी शेजारणींच्या आधाराने वर जाते, कारण आडवं व्हायला जागा नाही. म्हणून नळ्या उभ्या दिसल्या एवढ्यावरून क्षेत्राचं नाव घेता येत नाही. उत्प्रेरकाचे ठिपके एकमेकांपासून लांब ठेवायचे आणि एकटी नळी कशी वाढते ते पाहायचं. आम्ही तसं केलं. प्लाझ्मात एकटी नळीसुद्धा सरळ उभी राहिली. भट्टीत एकटी नळी वेडीवाकडी लोळली. गर्दी बाद.

पण आयनांचं काय? इथे खरी अडचण आहे, आणि ती प्लाझ्माच्या स्वभावातच आहे. प्लाझ्मात व्होल्टेज वाढवलं की फक्त क्षेत्र वाढत नाही. आयन जास्त वेगाने येऊन आदळतात, त्या माऱ्याने तुकडा आणखी तापतो, वायूचे रेणू जास्त फुटतात, कार्बनचा पुरवठा बदलतो. एक खुंटी फिरवली की चार गोष्टी एकदम बदलतात, आणि शोधनिबंधात मात्र एकाच गोष्टीचं नाव लिहिलं जातं. बेल प्रयोगशाळांमधल्या बोवर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवलं होतं की मायक्रोवेव्ह प्लाझ्मा चालू असताना नळी सरळ वाढते आणि प्लाझ्मा बंद करून नुसत्या उष्णतेवर वाढ चालू ठेवली की तीच नळी पुढे वळत, मुरडत जाते. एकाच नळीचा अर्धा भाग सरळ आणि अर्धा कुरळा. अतिशय बोलका प्रयोग. पण प्लाझ्मा बंद केला की क्षेत्र आणि आयन दोन्ही एकाच वेळी जातात.

प्लाझ्मा चालू ठेवून नुसतं क्षेत्र काढून पाहावं म्हणून आम्ही स्टीलच्या बारीक जाळीची टोपी केली आणि ती नमुन्याच्या अर्ध्या भागावर ठेवली. टोपी तबकडीलाच जोडलेली, म्हणजे आत सगळीकडे सारखंच विभव, क्षेत्र नाही. जाळीचं भोक काळ्या पट्टीच्या जाडीपेक्षा लहान हवं, नाहीतर प्लाझ्मा भोकातून आत वाकतो. टोपीबाहेर नळ्या ताठ, टोपीखाली गुंतलेल्या. चित्र पाहून विद्यार्थी हरखले. मला त्यांना थांबवावं लागलं: टोपीच्या आत आयनांचा मारही बदलला होता, कार्बनचा पुरवठाही. मग नमुना तबकडीच्या अगदी कडेला सरकवला. कडेशी क्षेत्ररेषा वाकतात. ओक रिज प्रयोगशाळेत मर्कुलोव्ह यांच्या गटाने हे आधी केलेलं होतं, आणि आमच्याकडेही कडेच्या नळ्या रेषांच्या कलाने तिरप्या वाढल्या. क्षेत्राची बाजू भक्कम झाली असं वाटलं. पण आमच्या दाबाला आयन काळ्या पट्टीत वायूच्या रेणूंना पुन्हा पुन्हा धडकत येतात, त्यामुळे तेही साधारण त्याच रेषांच्या वाटेने उतरतात. नळी रेषेकडे पाहून कलली की आयनांच्या वाऱ्याकडे तोंड करून, हे या प्रयोगातून कळत नाही. प्लाझ्माच्या आत राहून हा प्रश्न सुटणार नाही, हे मान्य करायला मला वेळ लागला.

त्याच सुमारास माझे मामा दिल्लीला आले. सोलापूरकडच्या गावात त्यांची सगळी नोकरी वायरमन म्हणून खांबावर गेली. त्यांना महाराष्ट्र सदनात जेवायला घेऊन गेले. जेवताना त्यांनी माझं काम काय ते विचारलं आणि मी कागदी रुमालावर तबकडी, काळी पट्टी आणि उभी नळी काढून दाखवली.

"प्लस कुठं अन् मायनस कुठं?" त्यांचा पहिलाच प्रश्न.

"तबकडी मायनस, मामा. वर प्लाझ्मा."

"उलटं केलं तर नळी खाली बघंल का?"

मी म्हटलं, "नाही. क्षेत्र उलटलं की नळीतले प्रभारही उलटतात. टोकाला मायनस होतं तिथे प्लस येतं. ओढ तिकडेच राहते."

"मग एसी लाव की," मामा म्हणाले. "एसीत तर सेकंदाला शंभरदा उलटतंय. तरी उभीच राहायला पायजे."

आणि तसंच आहे. त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की मी रुमालावरचं चित्र बघत राहिले. एसी क्षेत्राचा प्रयोग झालेला आहे हे मला माहीत होतं, पण माझ्या प्रश्नाचं कुलूप त्याच किल्लीने उघडतं हे माझ्या ध्यानात आलेलं नव्हतं. स्टॅनफर्डमध्ये होंगजिए दाई यांच्या गटाने 2001 साली प्लाझ्मा पूर्ण वगळून, साध्या तापवलेल्या भट्टीत, एकमेकांजवळच्या इलेक्ट्रोडांच्या मध्ये एकपदरी नळ्या वाढवल्या. क्षेत्र मायक्रॉनमागे अर्धा ते 2 व्होल्ट. डीसी असो की एसी, नळ्या क्षेत्राच्या दिशेने एका काठावरून दुसऱ्या काठावर गेल्या. फट 10 मायक्रॉनची असेल तर 10 व्होल्ट पुरतात, आणि इतक्या कमी व्होल्टला वायू पेटतच नाही. आयन नाहीत, मारा नाही, उरलं फक्त क्षेत्र. उलटसुलट होणाऱ्या क्षेत्रातही दिशा टिकते, म्हणजे ओढ ही प्रवृत्त, म्हणजे क्षेत्रानेच टोकांशी जमवलेल्या, प्रभारांची आहे, कुठल्या एका बाजूला ढकलणाऱ्या कणांची नाही. आम्ही क्वार्ट्झच्या पाटीवर मॉलिब्डेनमचे इलेक्ट्रोड काढून हे आमच्या भट्टीत करून पाहिलं. ठरल्याप्रमाणे झालं. मामांना फोन करून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग, वायरमनला एवढं कळत नसंल व्हय पोरी?"

या प्रयोगाचं गणित मला फार आवडतं, कारण त्यातून क्षेत्राची ताकद आणि तिची मर्यादा एकाच वेळी दिसते. क्षेत्रात वळल्यामुळे नळीची जी ऊर्जा कमी होते ती ढोबळमानाने लांबीच्या घनाच्या पटीत वाढते. 1 मायक्रॉन लांब, नॅनोमीटरभर जाड, धातूसारखी वाहक नळी मायक्रॉनमागे 1 व्होल्टच्या क्षेत्रात ठेवली तर ही ऊर्जा साधारण 2 इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. 900 अंशांना उष्णतेची थरथर असते 0.1 इलेक्ट्रॉनव्होल्टची. क्षेत्र सहज जिंकतं. पण नळी एक तृतीयांश लांबीची असेल तर ऊर्जा सत्तावीस पटींनी घटते आणि उष्णतेच्या बरोबरीला येते. म्हणजे कोवळ्या नळीवर क्षेत्राचं काही चालत नाही. ती भट्टीत हेलकावत असते, आणि पुरेशी लांब झाल्यावरच क्षेत्राचं ऐकते. तोवर ती पाटीला टेकली तर संपलं. पृष्ठभागाची पकड नळीच्या दर नॅनोमीटरला एक-दोन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातली असते, इतक्या चिकटलेल्या नळीला हे क्षेत्र उचलू शकत नाही. म्हणूनच स्टॅनफर्डच्या गटाने नळ्या खंदकांवरून अधांतरी वाढवल्या होत्या. हा खंदक माझ्या लेखी त्या प्रयोगातली सर्वांत हुशार गोष्ट आहे. चित्रात तो नुसता काळा पट्टा दिसतो.

आणि मग मला परत माझ्या प्लाझ्मातल्या नळ्यांकडे यावं लागलं, कारण हे गणित त्यांना लागू पडत नव्हतं. त्या बहुपदरी, पन्नास ते शंभर नॅनोमीटर जाड, खरं तर तंतूच म्हणावेत अशा. त्या थरथरत नाहीत, त्यामुळे क्षेत्राने त्यांना थोपवण्याचा प्रश्नच येत नाही. अशा जाड्या तंतूंसाठी मर्कुलोव्ह यांनी वेगळं स्पष्टीकरण दिलं. निकेलचा कण तंतूच्या टोकावर बसून वर जात असतो. क्षेत्र त्या टोकाला ओढतं आणि कण व तंतू यांच्या सांध्यावर ताण येतो. तंतू सरळ असेल तर ताण सगळीकडे सारखा. तो कलला तर सांध्याच्या एका बाजूला ताण जास्त, दुसरीकडे कमी, आणि कार्बन दोन्ही बाजूंना सारखा बसत नाही. हा फरक कललेल्याला परत सरळ करतो. कण तळाशीच राहिला तर हाच परिणाम उलटा पडतो आणि कल वाढत जातो. आम्ही आमच्या नमुन्यांमध्ये कण कुठे आहे ते मोजत गेलो. ताठ तंतूंमध्ये तो वरच्या टोकावर होता. वाकड्यांत बहुधा खाली.

हे स्पष्टीकरण सगळ्यांना मान्य आहे असं नाही, मला मात्र ते पटतं. मुद्दा असा की एकसारख्या दिसणाऱ्या चित्रांमागे तीन निराळी कारणं निघाली. दाटीत वाढलेल्या नळ्या, प्रवृत्त प्रभारांनी वळवलेल्या बारीक नळ्या आणि टोकाच्या ताणाने सावरलेले जाड तंतू. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर तिन्ही उभी रानं. दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत सुरेश शर्मा आणि आरती तिवारी यांनी प्लाझ्मातल्या वाढीची जी गणितं मांडली, त्यांत इलेक्ट्रॉनांची घनता, आयनांची घनता आणि तापमान या राशी वेगवेगळ्या धरून प्रत्येकीचा नळीच्या जाडीवर काय परिणाम होतो ते पाहता येतं. प्रयोगात जे अलग करता येत नाही ते कागदावर करता येतं, आणि मग प्रयोगात कुठे पाहायचं ते कळतं. अशा कामाला आपल्याकडे मान कमी मिळतो, चित्रं नसतात म्हणून असेल.

क्षेत्राच्या बाजूने जो पुरावा मला सर्वांत लोभस वाटतो तो सॅन दिएगोचा. सुंगहो जिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये वाढ चालू असताना क्षेत्राची दिशा पुन्हा पुन्हा बदलली आणि नळ्या कोन करत, नागमोडी वाढवल्या. जिथे दिशा बदलली तिथे वळण. आधी वाढलेला भाग जागचा हलत नाही, नवा भाग नव्या दिशेने जातो. क्षेत्र तयार नळीला वाकवत नाही, फक्त पुढच्या वाढीची वाट ठरवतं, हे त्या नागमोडीत कायमचं नोंदलेलं आहे. सुंगहो जिन हे बोवर यांच्या 2000 सालच्या कामातही होते. एकच माणूस आधी प्लाझ्मा बंद करून पाहतो आणि काही वर्षांनी क्षेत्र फिरवून पाहतो, यातला चिवटपणा मला शिकवून गेला.

गेल्या काही वर्षांत प्रश्नच बदलला आहे. दिशा मिळाली, आता जात हवी. एकपदरी नळी थर कसा गुंडाळला गेला यावर धातूसारखी असते किंवा अर्धवाहक असते, आणि ट्रान्झिस्टरसाठी अर्धवाहकच लागते. इर्नेस्तो जोसेलेविच आणि चार्ल्स लीबर यांनी 2002 मध्येच दाखवलं होतं की धातूसारख्या नळ्या क्षेत्राचं जास्त ऐकतात, कारण त्यांच्यात प्रभार सहज सरकतात. ती निवड होती, घडण नव्हती. बीजिंगच्या त्सिंग्हुआ विद्यापीठात जिआंग काइली यांच्या गटाने 2018 मध्ये त्यापुढची गोष्ट केली. वाढ चालू असताना क्षेत्र उलटवलं आणि धातूसारखी वाढत असलेली नळी पुढे अर्धवाहक होऊन वाढू लागली. इथे क्षेत्र नळीला ओढत नाही, ते नळीवर आणि उत्प्रेरकावर प्रभार चढवतं, आणि त्या प्रभाराने कोणत्या गुंडाळीला ऊर्जेच्या दृष्टीने झुकतं माप मिळतं ते बदलतं. प्लस कुठं अन् मायनस कुठं, हा प्रश्न इथे निर्णायक आहे. मामांना मी दिलेलं उत्तर दिशेपुरतं बरोबर होतं, जातीपुरतं नाही.

आम्ही आता तशी जुळणी करतो आहोत. क्वार्ट्झच्या नळीत समोरासमोर इलेक्ट्रोड, मधे उत्प्रेरकाची रेघ, आणि बाहेरून हव्या त्या क्षणी क्षेत्र उलटवायची सोय. लांब नळ्या वायूच्या झोतातही त्याच्या दिशेने वाढतात, ही यातली नवी भानगड. म्हणून माझ्या विद्यार्थिनीने आखलेल्या पहिल्या प्रयोगात क्षेत्र शून्य आहे. झोत तोच, तापमान तेच, इलेक्ट्रोड जागच्या जागी, फक्त तारा सोडवलेल्या. त्या नमुन्याची वर्णपटावर तपासणी होऊन धातूसारख्या आणि अर्धवाहक नळ्यांचं प्रमाण हातात आलं की मग स्विच लावू.